अमेरिकेतल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये हरणाची शिकार: गर्दीतून वाट कशी काढायची

लायसन्स आणि सीझनच्या तारखा राज्याचं वाइल्डलाइफ खातं ठरवतं, जमीन मात्र फॉरेस्ट सर्व्हिसची (केंद्र सरकारचं वनखातं), त्यामुळे दोघांचेही नियम वाचा. ओपनिंग वीकेंडला, म्हणजे सीझनच्या पहिल्या शनिवार-रविवारी, पार्किंगमध्ये पिकअपची ही रांग, पण बहुतेक मंडळी रस्त्यापासून फार आत जातच नाहीत, म्हणून फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटार व्हेईकल यूज मॅप (कुठल्या रस्त्यांवर गाडी नेता येते ते दाखवणारा नकाशा) फुकट मिळतो तो घ्या, गाड्यांना बंद असलेले रस्ते शोधा आणि तिथून पायी आत शिरा. जमलं तर वीकेंड सोडूनच जा.

जुन्या, दाट सावलीच्या जंगलात हरणांना खाली खायला फारसं नसतं. काही वर्षांपूर्वी तोड झालेला पट्टा बघा, तिथे कोवळी झुडपं असतात, नाहीतर ओकची फळं पडलेली जागा, तिथे उकरलेला पाला नि ताज्या लेंड्या दिसल्या की समजायचं. लोक यायच्या आधी, अंधारातच, दाट झाडीच्या कडेला बसा, मग त्यांच्या वर्दळीने हरणं तिकडे सरकतात, हरणं हाकून आणायचं काम आयतंच होतं!

इतर शिकाऱ्यांना तुम्ही दिसावं म्हणून भडक ऑरेंज जॅकेट बहुतेक राज्यांत सक्तीचं आहे, नसलं तरी घालाच. घर किंवा कॅम्पसाइटपासून 150 यार्डांच्या आत गोळी झाडायची नाही, रस्त्यावरून पलीकडेही नाही. आणि जितकं आत जाल तितकं हरीण ओढत आणायचंय, एकटे असाल तर तिथेच तुकडे करून पाठीवर आणता येतं का, राज्याचा नियम आधी बघा.