आरसी टूरिंग कारची चेसिस प्लेट बदलताय? या चुका टाळा

‘नवी प्लेट टाकली आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली, भाऊ, प्लेटच खराब निघाली.’ जळगाव-भुसावळकडं आरसीवाल्यांच्या, म्हणजे रिमोटवरच्या छोट्या गाड्या पळवणाऱ्यांच्या, गप्पांत ही तक्रार ठरलेली. चेसिस प्लेट म्हणजे गाडीचा सपाट तळ, त्यावरच बाकी सगळं बसतं. प्लेट बहुतेक वेळा चांगलीच असते. घोळ होतो तो ती बसवताना.

पहिली चूक, न बघताच प्लेट मागवणं. मागवण्याआधी गाडी उलटी करून बघा. टॅमिया टीटी-०२ सारख्या गाडीत चेसिस म्हणजे प्लास्टिकचा टबच असतो, तिथं नुसती प्लेट बदलायचा प्रश्नच येत नाही. बल्कहेड (प्लेटवर उभे राहणारे, गिअर आणि सस्पेन्शन धरणारे भाग) स्क्रूने सुटे होत असतील तरच पुढं वाचा.

दुसरी चूक, ‘जितकी कडक तितकी भारी’ असं समजून अॅल्युमिनियमची प्लेट घेणं. ती शोभते कार्पेटच्या, भरपूर ग्रिपच्या ट्रॅकवर. आपण गाड्या पळवतो कुठं? हंगाम संपल्यावर रिकाम्या झालेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात (मालकाला विचारून!), नाहीतर धुळीच्या डांबरी रस्त्यावर. काँक्रीटच्या प्रत्येक जोडावर कडक गाडी उडते आणि वळणावर घसरते. इथं किंचित लवणारी २.२५ मिमीची कार्बन प्लेटच बरी. शिवाय तेवढ्याच जाडीचं अॅल्युमिनियम कार्बनच्या साधारण पावणेदोन पट जड, आणि कठड्याला जोरात धडकून वाकलं की वाकलंच.

आता खरी मेख: ट्वीक, म्हणजे चेसिसला बसलेला पीळ. एक एक स्क्रू पूर्ण आवळत गेलं की तो हमखास बसतो. त्यासाठी जाड, सपाट काच घ्या. काचवाल्याकडं उरलेला तुकडा मिळतो. फरशीवर किंवा ओट्यावर भरवसा ठेवू नका. बल्कहेड आणि वरचा डेक (बल्कहेडना वरून जोडणारी पट्टी) लावा, पण सगळे स्क्रू नुसते टेकवून ठेवा. प्लेट काचेवर दाबून धरा आणि समोरासमोरचे स्क्रू तिरके, थोडे थोडे आवळत या. मग एकेका कोपऱ्यावर बोट दाबा. ‘टक्’ असा बारीक आवाज आला तर पीळ आहे. वरच्या डेकचे स्क्रू सैल करा, प्लेट पुन्हा दाबा, पुन्हा आवळा. अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडणारी तार) आत्ताच जोडू नका, नाहीतर दोष नेमका कुठं आहे तेच कळत नाही.

स्क्रू लांब असेल तर तो भोकाच्या तळाला टेकून घट्ट लागतो आणि प्लेट मात्र हलतच राहते. एम३ काउंटरसंकला (प्लेटमध्ये सपाट बसणाऱ्या डोक्याच्या ३ मिमी स्क्रूला) २ मिमीची चांगली हेक्स की (षटकोनी चावी) वापरा. स्वस्त एल-कीने डोकं गोल झालं की स्क्रू ड्रिल करून काढावा लागतो. थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) फक्त धातूत धातू जातो तिथंच लावा, प्लास्टिकला त्यानं तडे जातात.

कार्बनच्या कडा बारीक पॉलिशपेपरने ओल्याच घासा, तोंडाला मास्क लावून. ती भुकटी छातीत जाऊ देऊ नका. मग कडेवर फेव्हिक्विकचा पातळ हात फिरवा म्हणजे थर सुटत नाहीत. कार्बनमधून वीज जाते, त्यामुळं तारांच्या जोडाचा उघडा सोल्डर प्लेटला टेकता कामा नये.

ड्रूपचे स्क्रू प्लेटवरच टेकतात, म्हणून ड्रूप (गाडी उचलल्यावर चाक किती खाली लोंबतं ते) आणि राइड हाइट (जमिनीपासून प्लेटची उंची) नव्यानं लावा. गुळगुळीत ट्रॅकवर राइड हाइट ५ मिमी चालते, आपल्या आवारात थोडी जास्त ठेवा. गाडी उघडलीच आहे तर अॅक्सलभोवती गुंडाळलेला कापसाचा तंतूही चिमट्यानं काढून टाका. तो बेअरिंगच्या सीलखाली शिरला की चाक जड फिरतं.