हत्ती आणि निळा देवमासा: तुलना करताना या चुका टाळा

शाळांची विज्ञान प्रदर्शनं सुरू झाली की मला कुठे ना कुठे परीक्षक म्हणून बोलावतात, आणि हत्ती-देवमाशाचा एक तरी चार्ट असतोच. चुकाही त्याच. पोरांना काय बोलणार, चार्ट आदल्या रात्री अकराला आईबाबांनी गूगल करून केलाय हे फेविकॉल अजून ओला असतो त्यावरूनच कळतं.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे "एक देवमासा = इतके हत्ती". एका वर्षी एकाच हॉलमध्ये तीन स्टॉल, एकावर २५ हत्ती, दुसऱ्यावर ३३ आणि तिसरीकडे एका पोरीने थर्माकोलच्या देवमाशाखाली ओळीने ५ हत्ती चिकटवलेले. तिघांची जुंपली, बाई पण आल्या, म्हणे सर तुम्हीच सांगा बरोबर कोण. अहो तिघंही बरोबर! पहिल्याने १५० टनी देवमासा आणि ६ टनी आफ्रिकन नर हत्ती घेतलेला, दुसऱ्याने देवमासा तोच पण हत्ती आपल्याकडचा, साडेचार टनांचा, आणि पोरीने वजन घेतलंच नव्हतं, ३० मीटर लांबीत सोंडेसकट सहा-सहा मीटरचे पाच हत्ती बसवले. पण कुठला हत्ती, काय मोजलंय, हे एकाच्याही चार्टवर नाही.

त्यात देवमासा घेताना सगळे अगदी दांडगा घेतात आणि हत्ती मात्र साधारण. २०१५ ला रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जो निळा देवमासा लागला तो ४२ फुटी होता, म्हणजे १३ मीटर पण नाही. मग वजनही निम्मं धरू का? नाही ना बाबा, लांबी निम्मी झाली की रुंदी आणि जाडी पण निम्मी होते, वजन येतं आठव्या हिश्श्यावर. तिथे २५ कुठले, तीनेक हत्तींत काम झालं. मी तरी आकडेमोडीआधी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहून ठेवतो: जात कुठली, नर की मादी, पिल्लू की मोठा, काय मोजतोय. दोन मिनिटं लागतात, पण धीर कोणाला आहे.

दुसरी चूक, "हृदय कारएवढं". २०१४ मध्ये कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याला लागलेल्या निळ्या देवमाशाचं हृदय टोरोंटोच्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियमने जपून ठेवलंय, ते भरलं साधारण १८० किलो. कुठली कार १८० किलोची असते? फार तर बुलेट म्हणा.

बाकीच्या किरकोळ. नावात मासा असला तरी तो मासा नाही, पिल्लाला दूध पाजतो, त्यामुळे शेपटी माशासारखी उभी काढू नका, ती आडवी असते. डोक्यावरचा फवारा म्हणजे कारंजं नाही, श्वासाची वाफ. मोठा प्राणी म्हणून पोटात जास्त महिने असंही नाही, हत्तीण २२ महिने, देवमाशाची मादी वर्षभराच्या आत मोकळी. आणि हत्तीचा समुद्रातला नातेवाईक देवमासा नव्हे, डुगाँग, म्हणजे समुद्री गाय. देवमाशाचा जवळचा पाणघोडा.

"ताकद कोणाची जास्त" हा स्टॉल तर मी वाचतच नाही. किनाऱ्यावर आला तर देवमासा स्वतःच्याच वजनाखाली चिरडतो, कुस्ती कुठे लावणार?

तुलना करायचीच तर केटी पेनसारखी करा. प्राण्यांच्या आवाजांवर संशोधन करणाऱ्या या बाईंनी आधी हंपबॅक देवमाशांची गाणी वर्षानुवर्षं ऐकली, मग १९८४ ला अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ बसल्या असताना त्यांना हवेत धडधड जाणवली, आवाज काहीच नाही. नंतर तिथे रेकॉर्डिंग करून टेप वेगाने वाजवून पाहिली तर हत्ती माणसाला ऐकू येत नाही इतक्या खालच्या सुरात बोलत होते! निळा देवमासाही तसलेच खालचे सूर लावतो.

पाच हत्तीवाल्या पोरीला हे सगळं सांगितलं, ती तोंड उघडं टाकून ऐकत होती. मागून आई म्हणाली, "सर, पण मार्क किती दिले?"