पांढरा लोगो चौकड्यात हरवतोय? या चुका टाळा

बॅकग्राउंड उडवलेला लोगो स्क्रीनवर अगदी स्वच्छ दिसतो, पण काळ्या टी-शर्टवर छापून आला की भोवती पांढुरकी धूळ निघते. मग छपाईवाल्याशी वाद. बहुतेक वेळा ती धूळ फाइलमध्ये आधीपासूनच असते; मागच्या राखाडी चौकड्यात आपल्याला ती दिसलेली नसते, इतकंच.

गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पारदर्शक जागी दिसणारा चौकडा चित्राचा भाग नसतो, ती फक्त दाखवण्याची सोय आहे आणि ती बदलता येते. तरी कित्येक जण वर्षानुवर्षं त्याच राखाडी चौकड्यावर डोळे ताणत बसतात. एडिट मेनूतल्या प्रेफरन्सेसमध्ये डिस्प्ले उघडा. तिथे चौकड्याचा रंगही बदलतो आणि आकारही. पांढऱ्या लोगोसाठी डार्क चेक्स किंवा सरळ ब्लॅक ओन्ली, गडद चित्रासाठी लाइट चेक्स. स्टीलच्या भांड्याचा फोटो कापताना तर राखाडी चौकडा नकोच. फोटोशॉप आणि क्रिटामध्येही चौकड्याचे रंग बदलता येतात.

एवढं करूनही पुसट ठिपके निसटतात. 8 बिटच्या चित्रात अल्फा, म्हणजे ठिपका किती अपारदर्शक आहे त्याचा आकडा, 0 (पूर्ण पारदर्शक) ते 255 (पूर्ण अपारदर्शक) असतो. त्यात 4-5 अल्फाचा ठिपका कुणाच्या डोळ्याला दिसणार? म्हणून खाली एक लेयर (थर) घ्या आणि त्यात भडक राणी रंग ओता, मग काळा ओतून पुन्हा बघा. एक्सपोर्टच्या आधी तो लेयर बंद करायला मात्र विसरू नका (मी विसरलोय). अल्फा टू सिलेक्शन (अपारदर्शक भाग निवडणारी कमांड) दिल्यावर दिसणाऱ्या हलत्या तुटक रेषांवर विसंबू नका; त्या साधारण निम्म्या अपारदर्शकतेच्या कडेवरूनच फिरतात, पुसट कचरा बाहेरच राहतो. माझा भरवसा थ्रेशोल्ड अल्फावर; ही कमांड दिलेल्या किमतीच्या वरचा प्रत्येक ठिपका पूर्ण अपारदर्शक करते. लेयरची कॉपी करून तिच्यावर किंमत शून्याच्या किंचित वर ठेवून चालवायचं, की लपलेला प्रत्येक ठिपका ठळक होतो. त्यानं कडा दातेरी होतात, म्हणून कॉपी फक्त बघायला; पुसायचं मूळ लेयरवर.

खोडरबर फिरवल्यावर चौकड्याऐवजी पांढरा किंवा दुसराच रंग उमटतोय? त्या लेयरला अल्फा चॅनेलच (पारदर्शकतेची माहिती ठेवणारा भाग) नाही. लेयरच्या यादीत त्याचं नाव ठळक अक्षरात दिसतं, ती खूण. लेयर मेनूत ट्रान्सपरन्सीखाली ॲड अल्फा चॅनेल दिलं की काम झालं.

आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या ‘पारदर्शक’ चित्रांपासून जरा जपून. पुष्कळदा त्यांत चौकडा चक्क रंगवलेला असतो. झूम करून पाहा: गिंपचा स्वतःचा चौकडा स्क्रीनवर तेवढाच राहतो, रंगवलेला चित्राबरोबर मोठा होतो. असा चौकडा काढत बसण्यापेक्षा दुसरं चित्र शोधलेलं बरं.

जेपेगमध्ये पारदर्शकता टिकत नाही, तेव्हा पीएनजीच करा. ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.