भाड्याचा चित्रपट रविवारपर्यंत टिकवण्यासाठी

रविवारसाठी यूट्यूबवर भाड्याने घेतलेला विज्ञानपट गुरुवारी रात्री ‘जरा लागतो का पाहू’ म्हणून सुरू केला, की शनिवारी रात्रीच त्याची मुदत संपते. पैसे भरल्यावर सुरुवात करण्यास साधारणतः ३० दिवस मिळतात; मात्र एकदा प्ले दाबले, की ४८ तास मोजले जाऊ लागतात आणि चित्रपट मध्येच थांबवला तरी ती मोजणी थांबत नाही.

म्हणून चित्रपट सवडीने घेऊन ठेवावा, आवाज आणि इंटरनेटचा वेग मोफत ट्रेलरवर तपासावा आणि मूळ चित्रपट सुट्टीच्या सकाळीच लावावा. पावणेतीन तासांचा अंतराळपट दुपारच्या डुलकीमुळे (ती येतेच) अर्धवट राहिला, तरी सोमवारची रात्र हाताशी असते.

मुदत चित्रपटागणिक बदलू शकते, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी पडद्यावरील अट वाचावी.