साच्यातून फायबरग्लासचा भाग: हाताने थर देण्याची पद्धत

काचतंतू आणि रेझिन (घट्ट होऊन तंतूंना धरून ठेवणारा द्रव) यांची वस्तू घडवण्याच्या पद्धती अनेक आहेत. त्यांतली कोणती घ्यायची हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: नग किती हवेत, आणि वजनाच्या मानाने ताकद किती हवी. मोटारीचे हजारो सारखे भाग हवे असतील तर रेझिन मुरवलेली शीट साधारण १३० ते १६० अंश सेल्सिअसला तापवलेल्या पोलादी साच्यात दाबतात, दाबाच्या टाक्या फिरत्या गाभ्यावर तंतू गुंडाळून करतात, आणि विमानाचे भाग ऑटोक्लेव्ह या बंद दाबभट्टीत उष्णता व दाब देऊन पक्के करतात. थोडे नग, मोठा आकार आणि बेताचे भांडवल असेल, तर मात्र एका साच्यावर हाताने थर देण्याला आजही तोड नाही. कोकण किनाऱ्यावरच्या फायबरच्या लहान होड्या बहुतेक अशाच घडतात. उदाहरण म्हणून अशा होडीच्या खणाचे एक चौरस मीटरचे झाकण घेऊ.

साच्याचा जो पृष्ठभाग तोच झाकणाचा पृष्ठभाग होणार असल्याने साच्यावरचा प्रत्येक ओरखडा मालावर उतरतो, हे प्रथम लक्षात घ्यावे. साच्याच्या उभ्या कडांना दोन-तीन अंशांचा उतार असावा, म्हणजे भाग न अडकता सुटतो. कोपरे गोलसर असावेत, कारण काटकोनी कोपऱ्यात मॅट (काचतंतूंची चटई) बसत नाही आणि तिच्यामागे हवा राहते. नव्या साच्यावर रिलीज मेणाचे (भाग साच्याला चिकटू न देणाऱ्या मेणाचे) पाच-सहा हात द्यावेत, प्रत्येक हात वाळू द्यावा आणि मगच चकाकेपर्यंत पुसावा. त्यावर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ थर द्यावा आणि तो पूर्ण वाळल्याची खात्री करावी; पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याला नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो.

नंतर जेलकोट, म्हणजे झाकणाचा बाहेरचा रंगीत रेझिनचा थर, लावावा. त्याची ओली जाडी ०.४ ते ०.६ मिलिमीटर हवी, म्हणजे आपल्या झाकणाला सुमारे ६०० ग्रॅम जेलकोट लागेल. तो कुठे पातळ राहिला किंवा पुरता पक्का होण्याआधीच त्यावर रेझिन पडले, तर रेझिनमधले स्टायरीन हे द्रावक त्यात शिरते, जेलकोट फुगतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या उमटतात. मग तो भाग घासून सावरता येत नाही. म्हणून बोट टेकवून पाहावे. चिकटपणा जाणवला, पण रंग बोटाला लागला नाही, की पुढच्या थराची वेळ झाली असे समजावे.

आता वजने काढावीत, आणि ती अंदाजाने नव्हे तर काट्यावर काढावीत, कारण वस्तूची सारी ताकद या प्रमाणावर उभी असते. आतल्या बाजूला दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या चॉप्ड स्ट्रँड मॅटचा (तुकडे केलेल्या काचतंतूंच्या मॅटचा) एक आणि त्यावर ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर घेतले, तर काचेचे वजन १,२०० ग्रॅम होते. मॅटसाठी काचेच्या अडीचपट रेझिन धरतात, म्हणजे ३,००० ग्रॅम. रेझिनच्या दीड टक्का हार्डनर (रेझिन घट्ट करणारे रसायन) धरला, तर तो ४५ ग्रॅम लागेल. रेझिन एकदम न कालवता लहान डब्यांत थोडे थोडे कालवावे, कारण डब्यात साठलेले रेझिन स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होते.

येथे एक इशारा अत्यंत गांभीर्याने द्यावासा वाटतो. रेझिनमध्ये कोबाल्टचा अ‍ॅक्सिलरेटर (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा पदार्थ) आधी मिसळलेला नसेल, तर तो प्रथम रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा आणि त्यानंतरच हार्डनर घालावा. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळल्यास आग लागते किंवा स्फोट होतो. हार्डनर डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे नसताना डबा उघडूही नये. स्टायरीनची वाफ साधारण ३१ अंशांवरच पेट घेण्याजोगी होते, तेव्हा जागा हवेशीर असावी आणि जवळपास ज्योत नसावी.

थर देताना रेझिन आधी साच्यावर लावावे, मग मॅट ठेवावी, म्हणजे रेझिन खालून वर येते आणि हवा बाहेर पडते. मॅटचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळायला मिनिट-दोन मिनिटे घेतो. तेवढे थांबल्यावर मॅट लवचिक होऊन आकारात बसते. मगच खाचांचा रोलर मध्यातून कडांकडे फिरवावा. पांढरट ठिपका दिसला की तिथे हवा किंवा कोरडी काच आहे असे समजून रोलर पुन्हा फिरवावा. जाड भाग असल्यास चारपेक्षा अधिक थर एकाच वेळी देऊ नयेत, अन्यथा उष्णता साठून भाग वाकडा होतो.

रेझिन घट्ट होऊन चामड्यासारखे झाले की कडा धारदार सुरीने कापाव्यात. पूर्ण कडक झाल्यावर त्याच कामाला करवत आणि भरपूर धूळ आली. साच्यातून भाग दुसऱ्या दिवशी काढावा, तोही धातूच्या पहारीने नव्हे तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाचरींनी. जेलकोटसह झाकणाचे वजन ४.८ किलोच्या जवळपास यायला हवे. ते बरेच जास्त भरले तर रेझिन अधिक झाले, म्हणजे भाग जड आणि ठिसूळ झाला.

अधिक ताकद हवी असल्यास त्याच साच्यावर व्हॅक्यूम इन्फ्युजन करता येते. कोरडे विणलेले कापड, पील प्लाय (नंतर सोलून काढायचे कापड) आणि रेझिन पसरवणारी प्रवाहाची जाळी ठेवून त्यांवर प्लास्टिकची हवाबंद फिल्म चिकटवतात, हवा खेचतात आणि त्या ओढीने रेझिन आत घेतात. काचेचे प्रमाण त्यामुळे वजनाच्या ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत जाते; मॅटच्या हातकामात ते ३० टक्क्यांच्या आसपास असते. मात्र साच्याला फिल्म चिकटवण्यापुरती रुंद कड हवी, आणि रेझिनची नळी उघडण्याआधी पंप बंद करून दाबमापकाचा काटा स्थिर राहतो का ते पाहावे. काटा हलत असेल, तर गळती सापडेपर्यंत रेझिन कालवू नये.