मृत्यूची नोंद, विवाहाची नोंद आणि नावातले एक अक्षर

घरातले माणूस गेल्यावर दहावे, तेरावे होईपर्यंत दोन आठवडे कसे निघून जातात हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मृत्यूची नोंद करण्याची कायद्याने दिलेली मुदत मात्र 21 दिवसांची आहे. आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिकांचे अर्ज भरून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. या काळात पाहिलेल्या अडचणींपैकी बहुतेक अडचणी पहिल्या तीन आठवड्यांत एका जाणत्या माणसाने लक्ष घातले असते तर उद्भवल्याच नसत्या, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी ध्यानात घ्यायचे ते असे की, जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 नुसार मृत्यूची नोंद माणूस जेथे वारला तेथे होते. तो मूळचा कोठला, त्याचे रेशनकार्ड कोठले, याला येथे महत्त्व नाही. सातारा जिल्ह्यातल्या गावचे आजोबा पुण्याच्या रुग्णालयात वारले आणि अंत्यसंस्कार गावी झाले, तरी नोंद पुणे महानगरपालिकेतच होणार. गावच्या ग्रामपंचायतीत कितीही ओळख असली तरी तेथे ती करता येत नाही. रुग्णवाहिकेतून नेत असताना वाटेत मृत्यू झाला तर गाडी जेथे प्रथम थांबली, ते ठिकाण नोंदणीसाठी धरले जाते.

मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर निबंधकाला, म्हणजे नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, माहिती कळविण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते आणि नातेवाइकांना त्यासाठी धावपळ करावी लागत नाही. तरीही येथेच सर्वाधिक काळजी घ्यावी, असे माझे अनुभवाचे सांगणे आहे. रुग्णाला दाखल करताना घाईत जे नाव सांगितले जाते, तेच पुढे मृत्यूच्या नमुन्यात उतरते. मी अर्ज भरून दिलेल्या एका आजींचे उदाहरण सांगते. त्यांच्या आधारकार्डावर ‘कमल’, बँकेच्या पासबुकात ‘कमलाबाई’ आणि रुग्णालयात नातवाने सांगितलेले ‘कमला’, अशी तीन नावे तीन कागदांवर होती. मृत्यूच्या दाखल्यावर ‘कमला’ छापून आले, बँकेने ठेवीची रक्कम देण्यास नकार दिला आणि मुलाला दुरुस्तीसाठी नागरी सुविधा केंद्राच्या रांगेत चार वेळा उभे राहावे लागले. म्हणून रुग्णालयातून निघण्यापूर्वी नमुना क्रमांक 2, म्हणजे मृत्यूची माहिती देणारा फॉर्म, दाखविण्याची विनंती करावी आणि मृताचे नाव, आईचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, मृत्यूसमयीचा पत्ता व कायमचा पत्ता आधारकार्ड हातात धरून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. इंग्रजी स्पेलिंगही तितक्याच काळजीने पाहावे, कारण दाखल्यावर दोन्ही लिप्या असतात आणि विमा कंपन्या प्रामुख्याने इंग्रजी नाव जुळवितात.

मृत्यू घरी झाला तर माहिती देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची किंवा त्या वेळी घरात असलेल्या जवळच्या नातलगाची असते. ज्या डॉक्टरांचे उपचार चालू होते त्यांच्याकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र त्याच दिवशी घ्यावे. स्मशानभूमीत प्रथम तोच कागद मागितला जातो. तेथे मिळणारी पावती जपून ठेवावी. अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाची कागदपत्रे यांनुसारच नोंद होते, आणि तेथे घाई करून उपयोग नसतो.

नोंद 21 दिवसांत झाली की माहिती देणाऱ्याला एक प्रत मोफत मिळते. पुढील प्रतींना शुल्क असते, पण ते थोडे असते. बँक, विमा, निवृत्तिवेतन, सातबाऱ्यावरील वारस नोंद, गृहनिर्माण संस्थेतील हस्तांतरण, वीजजोडणी, रेशनकार्ड अशी यादी केली तर निदान आठ प्रती एकदम घेणे श्रेयस्कर. दाखल्यावर मृत्यूचे कारण नमूद नसते. ते उघड न करण्याची तरतूद कायद्यातच आहे. विमा दाव्यासाठी कारण दाखवावे लागते. म्हणून रुग्णालयाने जवळच्या नातलगाला द्यावयाची कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत तेथूनच मागून घ्यावी.

मुदत टळली तरी नोंद होते, मात्र वाट लांबत जाते. 21 दिवसांनंतर पण 30 दिवसांच्या आत विलंब शुल्क भरून काम होते. 30 दिवसांनंतर एका वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटून गेले तर, 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार, जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश मिळवावा लागतो. नोंदीत राहिलेली चूक दुरुस्तही करता येते. परंतु मूळ नोंद खोडली जात नाही, समासात दुरुस्ती लिहून त्यावर निबंधक सही करतात, आणि त्यासाठी जुना, भक्कम पुरावा लागतो.

आता विवाहाच्या नोंदीकडे वळते, कारण ही दोन कागदपत्रे शेवटी एकाच फायलीत येतात. पती वारल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पत्नी अर्ज करते, तेव्हा तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव असते आणि आधारकार्डावर सासरचे. ही दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत हे सांगणारा सर्वांत सरळ कागद म्हणजे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र. महाराष्ट्रात विवाह नोंदणीच्या 1998 च्या अधिनियमानुसार ही नोंद महानगरपालिकेच्या क्षेत्रीय किंवा विभाग कार्यालयात, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होते. नमुना ‘ड’ मधील ज्ञापनावर, म्हणजे लग्नाची माहिती देणाऱ्या अर्जावर, पती, पत्नी, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे पुरोहित, काझी किंवा भंतेजी यांच्या सह्या असतात. सोबत लग्नपत्रिका, विधी चालू असतानाचे छायाचित्र, दोघांच्या वयाचे व रहिवासाचे पुरावे जोडावेत. लग्नानंतर 90 दिवसांच्या आत हे करणे अपेक्षित आहे. नंतरही विलंब शुल्क भरून नोंद करता येते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्या जोडप्यांना मी नेहमी कळकळीने सांगते की, दोघेही हिंडते-फिरते असतानाच हे काम उरकून घ्या, कारण त्या नमुन्यावर दोघांच्याही सह्या लागतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. महापालिकेत होते ती आधीच लागलेल्या लग्नाची नोंद. ज्याला आपण ‘रजिस्टर लग्न’ म्हणतो, ते विशेष विवाह अधिनियम 1954 खाली, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या विवाह अधिकाऱ्यासमोर लागते. त्यासाठी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात सलग किमान 30 दिवस वास्तव्य केलेले असावे आणि मग नोटीस द्यावी. नोटीस कार्यालयात लावली जाते, 30 दिवस हरकतींची वाट पाहिली जाते आणि त्यानंतर तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती रद्द होते आणि सारे पहिल्यापासून करावे लागते. परदेशातून सुट्टीवर येणाऱ्या मुलांनी तारखा ठरविण्यापूर्वी हे गणित नीट मांडावे. गोव्यात पद्धत आणखी वेगळी आहे. तेथे नागरी निबंधकांसमोर दोनदा सह्या कराव्या लागतात. पहिल्या सहीने केवळ इरादा नोंदविला जातो, दुसऱ्या सहीनेच विवाह पुरा होतो, आणि पहिल्याच सहीवर लग्न झाले असे समजून थांबलेल्या कित्येक स्त्रियांना पुढे त्याचा फार त्रास झाला आहे.

दोन्ही दाखले हाती आल्यावर ते एकमेकांशेजारी ठेवून नावे पुन्हा वाचावीत. फरक दिसला तर खिडकीवरून हलण्यापूर्वीच तो तेथील कर्मचाऱ्याच्या नजरेस आणावा आणि दुरुस्तीच्या अर्जाची पोच दिनांक व शिक्क्यासह मागून घ्यावी.