दिल्लीहून आलेला रोगसर्वेक्षणाचा आदेश किती बंधनकारक, हे कसे तपासावे

"अमुक रोगाच्या प्रत्येक रुग्णाची माहिती चोवीस तासांत कळवा" असा केंद्राचा कागद दवाखान्यात, प्रयोगशाळेत किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागात आला की कुणी त्याला कायदाच समजतो, तर कुणी "आरोग्य हा राज्याचा विषय" म्हणून तो फायलीत टाकतो. दोन्ही घाई आहे.

आधी कागदाची जात ओळखा. अर्धशासकीय पत्र आणि मार्गदर्शक सूचना हा सल्ला असतो. राजपत्रातली अधिसूचना असेल तर पहिला परिच्छेद वाचा. "अमुक अधिनियमाच्या अमुक कलमाद्वारे प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून" असे शब्द तिथे हवेत. ते नसतील तर राजपत्राचा भाग पाहा. भाग २, खंड ३ मध्ये वैधानिक नियम व आदेश येतात, तर भाग १, खंड १ मध्ये वैधानिक नसलेले ठराव आणि आदेश. राजपत्रात छापले म्हणजे कायदा झाला, असे नाही.

मग राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडा; कोणत्या विषयावर केंद्राने, राज्याने किंवा दोघांनी कायदा करावा, याची वाटणी तिथे आहे. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये ही राज्य सूचीतली नोंद ६. केंद्राकडे बंदरांवरील क्वारंटाइन (संघ सूची, नोंद २८) आणि आंतरराज्य क्वारंटाइन (नोंद ८१). केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो त्या समवर्ती सूचीत नोंद २९ म्हणजे संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्यात पसरण्यास प्रतिबंध, आणि नोंद ३० म्हणजे जन्ममृत्यूची नोंदणी. रोगसर्वेक्षण असा शब्द तिन्ही सूच्यांत नाही, म्हणून वाद होतो.

बहुतेकांची गफलत इथून पुढे होते. विषय समवर्ती सूचीत आहे म्हणजे केंद्र थेट आदेश काढू शकते, असे गृहीत धरले जाते. अनुच्छेद ७३ चे परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अपवादाची अट, वाचा. ज्या विषयावर राज्य विधिमंडळही कायदा करू शकते, त्यात केंद्राचा कार्यकारी अधिकार राज्यात चालत नाही; घटनेत किंवा संसदेच्या कायद्यात स्पष्ट तरतूद असेल तरच चालतो. म्हणजे नोंद २९ च्या नुसत्या जोरावर काढलेले परिपत्रक खासगी डॉक्टरवर कायदेशीर बंधन घालू शकत नाही. त्यामागे संसदेचा कायदा हवा. विधानसभा नसलेल्या केंद्रशासित प्रदेशांना हा अडसर नाही.

असे कायदे मोजकेच आहेत. साथरोग अधिनियम, १८९७ चे कलम २ राज्याला व्यापक अधिकार देते. केंद्राचे कलम २अ मात्र प्रवासाभोवती फिरते. पूर्वी त्यात जहाजेच होती. २०२० च्या दुरुस्तीने बस, रेल्वे, मालवाहू गाड्या आणि विमाने आली. गावातल्या दवाखान्याकडून रोजचा अहवाल मागण्यासाठी हे कलम ताणणे अवघड. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चा आवाका मोठा आहे. त्याच्या कलम ६(२)(i) आणि १०(२)(l) खाली २४ मार्च २०२० चे देशव्यापी आदेश निघाले. पण त्यासाठी आधी आपत्ती मानली गेलेली हवी, आणि आदेशाची मुदत संपली की तो आधारही संपतो. कोविडचे ते आदेश ३१ मार्च २०२२ नंतर वाढवले नाहीत. तारीख न पाहता जुना आदेश जोडणारी पत्रे म्हणूनच तपासावी लागतात.

"आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार" असा हवाला असेल तर एवढे लक्षात ठेवा की ते २००५ चे नियम भारत सरकारला जागतिक आरोग्य संघटनेशी बांधतात. नागरिकावर बंधन टाकायचे तर अनुच्छेद २५३ खाली संसदेने कायदा करावा लागतो.

केंद्राचा आधार कच्चा निघाला तरी थांबू नका. राज्याने तीच मागणी साथरोग अधिनियमाच्या कलम २ खालच्या नियमांत घातली असेल, तर ती बंधनकारक होते. गोव्यात १९८५ चा सार्वजनिक आरोग्य कायदाही पाहावा. प्रत्यक्षात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचे एस, पी, एल हे तिन्ही फॉर्म (आरोग्यसेविका, वैद्यकीय अधिकारी, प्रयोगशाळा) राज्याच्या यंत्रणेतूनच भरले जातात; केंद्राचा जोर निधी आणि पोर्टलवर.

आदेश वैध असला तरी रकाने तपासा. गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता या तिन्ही कसोट्या लागतात. साथीच्या आलेखाला वय, लिंग, वॉर्ड पुरत असताना आधार क्रमांक कशाला, हा प्रश्न लेखी विचारावा. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. ओळख पटेल अशी माहिती देण्याआधी त्याचे कलम ८ वाचा.

शंका उरली तर माहितीचा अधिकार वापरा. केंद्राकडे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "हा आदेश कोणत्या अधिकाराने काढला?" असे विचारू नका; खुलासा किंवा मत देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, या कारणावर अर्ज फेटाळला जातो. त्याऐवजी आदेशाची प्रत, त्यावरील टिपणी आणि विधी विभागाचा अभिप्राय असल्यास त्याची प्रत मागा. तोवर ओळख न उघडणारी आकडेवारी पाठवत राहा.